विज्ञानाच्या तासाला घर कसं जोडायचं? नागपुरातल्या नव्या शिक्षकांसाठी

मी पूर्व नागपुरातल्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने 'विज्ञान पालक सभा' ठेवली. ४२ मुलांच्या घरी छापील चिठ्ठ्या गेल्या, प्रोजेक्टर मागवला, शनिवारी सकाळी ११ ची वेळ दिली. सहा जण आले. निघताना त्यातली एक आई म्हणाली, "आमाले का समजते मॅडम यातलं, तुमीच शिकवा."

ही बाई घरी कुरोड्या, मुंगवड्या, पापड करून विकते. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चीक काढायचा, तो नेमका कुठवर शिजवायचा, हे सगळं तिला हाताच्या अंदाजाने माहीत आहे. आणि मी तिला बोलावून स्लाइडवर 'विज्ञानाचे महत्त्व' दाखवत होते. तिला काय येतं, हे मी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर पद्धत बदलली. आता वर्षाला तीस-पस्तीस घरं कुठल्या ना कुठल्या रूपात आमच्या विज्ञानाच्या तासात असतात. तुम्ही या जूनमध्ये नवीन रुजू होत असाल, तर मी जिथे चुकले तिथे तुम्ही चुकू नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. जुलैत आधी घरं ओळखा

आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिले दोन आठवडे प्रवेश, पुस्तकं, गणवेश यात जातात. त्याच काळात एक साधी वही घाला. प्रत्येक मुलाला एक पान. त्यावर चारच गोष्टी लिहायच्या: घरात कोण कोण आहे, कोण काय काम करतं, घरात कुठली भाषा बोलतात, आणि कोणाला कधी वेळ असतो.

'शिक्षण किती' हा रकाना ठेवू नका. तो ठेवला की माणूस तिथेच गप्प होतो. त्याऐवजी 'कामात रोज काय करावं लागतं' असं विचारा. माझ्या वहीत कळमना मार्केटमधले हमाल आहेत, ऑटो चालवणारे आहेत, घरकाम करणाऱ्या बाया आहेत, एका मुलीचे आजोबा जुने विणकर आहेत, एक कूलर-मोटर दुरुस्त करणारे आहेत. नातेवाइकांचा शेतीवाडीशी संबंध असेल तर तोही लिहा. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असलेला मामा दर वर्गात एखादा तरी निघतो, आणि झाडाला ताण देऊन बहार कसा धरतात हे त्याच्याइतकं चांगलं आपण सांगू शकत नाही.

चिठ्ठी पाठवून ही माहिती मिळत नाही. संध्याकाळी सातनंतर वस्तीत जा. दोन-तीन संध्याकाळी पुरतात. एकट्याने जाऊ नका, सोबत एखादे सहकारी किंवा त्याच वस्तीतली शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य घ्या. चहा नाकारू नका.

२. परवानग्या आणि कागद

हे काम कंटाळवाणं असलं तरी आधी उरका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे पालकांना शाळेत आणायची वाट आधीच तयार आहे, फक्त तिच्या बैठकीत विज्ञान हा विषय सहसा निघत नाही. तो तुम्ही काढा.

लागणारे कागद:

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी (पूर्ण वर्षाच्या उपक्रमांची एकदाच घ्या, दर वेळी वेगळी नको)
- समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, त्यात या उपक्रमाचा ठराव
- बाहेर नेण्यासाठी पालकांचं संमतीपत्र
- मुलांचे किंवा घरचे फोटो काढायचे असतील तर त्याची वेगळी संमती
- प्रत्येक मुलामागे दोन फोन नंबर, एक घरचा, एक शेजारचा

लागणारं साहित्य: प्रयोगशाळेतले लाल द्रवाचे दोन थर्मामीटर, मलमलचा तुकडा, दोन-तीन हातभिंगं, मोजपात्र, ताणकाटा, टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली, मोजपट्टी. बहुतेक शाळांच्या कपाटात हे असतंच. नसेल तर फार खर्च नाही.

३. घरी प्रश्न पाठवा, प्रकल्प पाठवू नका

सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबते.

'ज्वालामुखीची प्रतिकृती करून आणा' असं सांगितलं की काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. ज्याच्याकडे पैसे आहेत तो बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून तयार मॉडेल आणतो. बाकीच्या घरी रात्री दहाला थर्माकोल, फेव्हिकॉल आणि रडारड. मुलाचा हात लागतच नाही. ज्या घरात दोनशे रुपये नाहीत ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही.

प्रश्न पाठवताना मी तीन गोष्टी बघते. त्याला एक रुपयाही खर्च येता कामा नये. त्याचं उत्तर पुस्तकात किंवा मोबाइलवर आयतं सापडता कामा नये. आणि घरातल्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय तो सुटता कामा नये. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची.

*कूलरचा प्रश्न.* जुलैचा पहिला प्रश्न हाच: "पावसाळ्यात कूलर काऊन गार करत नाई?" तो मुद्दाम घरच्या बोलीतच लिहून देते. उत्तरं धमाल येतात. 'ताटी (कूलरच्या बाजूचा, पाणी धरणारा पडदा) जुनी झाली', 'पाणीच गार नसते', 'हवाच दमट असते'. कोणतंही उत्तर चूक म्हणून खोडायचं नाही, सगळी फळ्यावर लिहायची. मग दोन थर्मामीटर घ्यायचे. एकाच्या खालच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळायचं, दुसरा कोरडा ठेवायचा, दोन्ही पंख्याखाली धरायचे. जुलैच्या दमट दिवशी दोघांत फरक जेमतेम दोन-तीन अंशांचा येतो. आकडे वहीत लिहून ठेवायचे. हाच प्रयोग एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटायच्या वेळी पुन्हा करायचा. तेव्हा पारा ४० च्या वर असतो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि ओला थर्मामीटर कोरड्यापेक्षा पंधरा अंशांहूनही जास्त खाली उतरलेला दिसतो. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेतं, आणि हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर वाफ होणं मंदावतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. माठाचं पाणी, अंगावरचा घाम, वाळणारे कपडे, सगळं त्याच ओळीत येऊन बसतं.

*कोमटचा प्रश्न.* डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगल्या गारठतात आणि दही लागत नाही. प्रश्न असा: "घरी विरजण लावताना दूध किती गरम असतं, आणि ते भांडं थंडीत कुठे ठेवतात?" आजी बोट बुडवून सांगते, 'कोमट'. थर्मामीटर आळीपाळीने चार-पाच घरी पाठवला, प्रत्येकीचं कोमट मोजलं. बहुतेकींचं ४० अंशांच्या आसपास निघालं. दह्यातले जिवाणू ज्या तापमानाला जोमाने वाढतात, नेमकं तिथेच. भांडं कोणी गव्हाच्या डब्यात ठेवतं, कोणी जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून. उष्णतारोधक हा शब्द मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळला. एका मुलाची आजी त्या आठवड्यात रोज त्याला विचारायची, "आज मॅडमनं का म्हटलं मग?"

*डागाचा प्रश्न.* रश्श्याचा पिवळा डाग साबण लावला की लाल का होतो, आणि पाण्याने खळखळून धुतला की पुन्हा पिवळा का? कपडे धुणाऱ्या प्रत्येक आईने हे पाहिलेलं असतं. हळद हा दर्शक आहे, साबण आम्लारिधर्मी. पुढच्या तासाला हळदीच्या कागदाच्या पट्ट्या करा, लिंबू, सोडा, चुन्याची निवळी सगळं तपासून होतं.

दर पंधरवड्याला एकच प्रश्न. आठवड्याला एक दिला तर तिसऱ्या आठवड्यापासून उत्तरं मूल स्वतःच बसमध्ये लिहून आणतं.

४. घरच्या माणसाला वर्गात बोलवा

कूलर दुरुस्त करणारे वडील मी पहिल्यांदा बोलावले तेव्हा ते शाळेच्या गेटवर पाच मिनिटं उभेच राहिले. सोबत ताटीचा जुना तुकडा, नवा तुकडा, पंप. वर्गात आल्यावर म्हणाले, "मी भाषण नाही करत, दाखवतो फक्त." जुनी ताटी त्यांनी मुलांच्या हातात दिली. ती दगडासारखी कडक, पांढऱ्या थरांनी भरलेली. नवी भुसभुशीत. बोअरचं पाणी घालणाऱ्या घरी ताटी लवकर कडक होते, हे त्यांनी सांगितलं. क्षारांचा धडा मुलांनी बोटांनी चाचपला. मग ते म्हणाले, लोक कूलर लावून खोलीच्या सगळ्या खिडक्या बंद करतात आणि मला फोन करतात की कूलर खराब झाला. "समोरची खिडकी उघडा म्हणतो, कूलर आपोआप दुरुस्त होते." का, ते त्यांना सांगता आलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला: खोलीत तीच दमट हवा फिरत राहिली तर आत जुलैच होणार ना?

त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. वीस वर्षं जे करत आलो त्याचं कारण आपल्या मुलाच्या वर्गात मिळालं, असं ते नंतर म्हणाले.

यासाठी तयारी अशी करा:

- आदल्या दिवशी भेटून नेमकी एकच गोष्ट ठरवा. 'तुमच्या कामाबद्दल सांगा' असं मोघम बोलावलं तर माणूस घाबरतो.
- वेळ वीस मिनिटं. हातात धरायला काहीतरी हवंच.
- रोजंदारीवर जाणाऱ्याची मजुरी बुडू देऊ नका. सकाळचा पहिला तास द्या, म्हणजे ते पुढे कामावर जाऊ शकतात.
- प्रश्न मुलांकडून आधी लिहून घ्या.
- त्यांना 'काका', 'मावशी', 'आजोबा' म्हणायला मुलांना सांगा, आणि शेवटी आभार एखाद्या मुलाला मानू द्या.

कुरोड्या करणारी ती आई दुसऱ्या वर्षी आली. चिकाचा एक थेंब बशीत घेतला, त्यावर आयोडीनचा थेंब टाकला, बशी काळीनिळी झाली. पिष्टमय पदार्थाची परीक्षा पुस्तकात बटाट्यावर आहे, आमच्या वर्गाला ती कुरोडीवरची आठवते. (तपासलेला नमुना लगेच फेकून द्या, तो खायचा नाही हे मोठ्याने सांगा.) तिने मुलांना विचारलं, तीन दिवस पाणी बदललं नाही तर गव्हाला वास का मारतो? हा प्रश्न माझ्याही टाचणात नव्हता. आम्ही पुढचा तास त्यावरच घेतला.

५. सुरक्षेत सवलत नाही

मी स्वतः एक चूक केली. 'घरी पाण्याचं तापमान मोजा' असं सांगितलं आणि थर्मामीटर कोणता ते सांगायला विसरले. एका मुलाने घरातला ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात घातला. तो साधारण ४२ अंशांपर्यंतच असतो, फुटला. आत पारा होता. सुदैवाने कोणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून थर्मामीटर शाळेचाच जातो आणि मोठ्या माणसाच्या हातात जातो.

कूलरबद्दल तर दर वेळी सांगा. दर उन्हाळ्यात शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचा, ओल्या हाताने पत्र्याला हात लावायचा नाही, घरी अर्थिंग आहे का ते मोठ्यांनी तपासून घ्यायचं. मुलांनी कूलरचं निरीक्षण फक्त दुरून करायचं.

आणि कूलरच्या टाकीतल्या अळ्या. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करायची. अंडी भिंतीला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, टाकी घासावी लागते. हे 'का' कळलं की मुलं घरी मागे लागतात. आमच्या वर्गात दर रविवारी टाकी कोणी घासली याची नोंद मुलंच ठेवतात.

६. घरच्या समजुतींशी गाठ पडते तेव्हा

ही पडणारच. नागपंचमीला नाग दूध पितो, ग्रहणात गरोदर बाईने काही चिरू नये, असं मूल वर्गात सांगतं. 'हे खोटं आहे, घरी सांग' असं म्हणून मुलाला घरच्यांविरुद्ध उभं करू नका. मी एकदा तसं केलं आणि ते घर वर्षभर माझ्याशी बोललं नाही. त्याऐवजी विचारायचं: हे खरं आहे का ते कसं बघता येईल? कोणी बघितलं आहे? साप काय खातो? मूल स्वतः विचार करत घरी गेलं की आजीही ऐकते.

एका बाबतीत मात्र मी थांबत नाही. साप चावला तर मांत्रिक नको, लगेच सरकारी दवाखाना, नागपुरात मेडिकल किंवा मेयो. प्रतिविष इंजेक्शनाशिवाय विषारी दंशावर दुसरा इलाज नाही. चिरा द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, चावलेला हात-पाय हलवू द्यायचा नाही. हे सभेत स्पष्ट शब्दांत सांगा. त्यात कोणाच्या भावनेचा विचार करत बसू नका.

७. सभा घ्यायचीच तर अशी

शनिवारी सकाळी नको. रविवारी संध्याकाळी सहानंतर, दीड तास. पोळा, तान्हा पोळा आणि मारबतीचे दिवस, महालक्ष्म्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा आठवडा आणि लग्नसराई टाळा. वस्तीचा आठवडी बाजार कोणत्या दिवशी असतो ते विचारून घ्या.

खुर्च्यांच्या रांगा नकोत, चार-पाच टेबलं मांडा. प्रत्येक टेबलावर एक प्रयोग आणि दोन मुलं. सांगणार मुलं, करणार आई-बाबा. लहान भावंडांसाठी एका कोपऱ्यात चटई घाला, नाहीतर आया येत नाहीत. भाषण एकही नको, मुख्याध्यापकांचंही नको. हे त्यांना आधी प्रेमाने सांगावं लागतं.

निरोप कसा द्यायचा? आमच्याकडे बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो रात्री नऊला बाबांसोबत घरी येतो. म्हणून व्हॉट्सअॅपवर लांब मजकूर टाकू नका. एक मिनिटाचा आवाजी निरोप, एक मराठीत आणि एक हिंदीत. माझ्या वर्गात काही घरं छत्तीसगढीही बोलतात, त्यांच्यासाठी एक ताई आनंदाने तिसरा निरोप देते.

८. रमण विज्ञान केंद्र, पण सगळं बघायला नाही

गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये सुरू झालं, तारामंडळ १९९७ मध्ये आलं. ज्यांचं नाव त्याला आहे ते सी. व्ही. रमण सरकारी लेखा खात्यात नोकरीला असताना काही काळ नागपुरात होते, हे पालकांना जरूर सांगा, त्यांना फार आवडतं. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिवस रमण परिणामाच्या १९२८ मधल्या शोधाचा. त्या दिवशी गर्दी असते, म्हणून आधी किंवा नंतरचा रविवार धरा.

मुलासोबत घरातलं एक मोठं माणूस हवंच. आणि प्रत्येक जोडीला एकच काम: एक प्रदर्शित वस्तू निवडायची, ती तीनदा चालवून बघायची आणि बाहेर आल्यावर दुसऱ्या जोडीला समजावून सांगायची. सगळं बघायला निघालं की सगळे फक्त बटणं दाबत पळतात. डबा घरचा, बागेत बसून खायचा.

९. प्रदर्शन आणि स्पर्धा

तालुका पातळीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा इन्स्पायर अवॉर्ड मानक या केंद्र सरकारच्या योजनेसाठी मुलांची कल्पना पाठवायची असेल तर तुमच्या त्या वहीत शोधा. मानकमध्ये निवड झालेल्या मुलाच्या बँक खात्यात १०,००० रुपये येतात, म्हणून मुलाचं खातं आधी उघडून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते. कल्पना घरच्या कामातल्या अडचणीतून यावी. हमाली करणाऱ्या वडिलांच्या पाठीवर ओझं कुठे येतं हे पाहून एका मुलाने गादीचा पट्टा सुचवला होता. त्याची निवड झाली नाही. पण मापं घेण्यासाठी बापलेक तीन संध्याकाळ सोबत बसले होते, आणि तो पट्टा वडील अजून वापरतात.

घरच्यांनी किती मदत करायची हे आधीच सांगा: माहिती आणि धारदार हत्यारं मोठ्यांची, बाकी सगळं मुलाचं.

१०. उन्हाळ्याच्या सुट्टीचा एक निरोप

शेवटच्या दिवशी प्रत्येक घरी एकच काम द्या. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २६ मेच्या आसपास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. घड्याळात ही वेळ बाराची नसते, साधारण १२ वाजून १० मिनिटांची असते, कारण आपलं घड्याळ आपल्या पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे.

स्टीलचा सरळ उभा डबा किंवा पाइपचा तुकडा सपाट अंगणात किंवा गच्चीवर ठेवायचा. बारापासून दर पाच मिनिटांनी सावली किती उरली ते खडूने आखायचं, साडेबारापर्यंत. सोबत मोठं माणूस, डोक्याला दुपट्टा, आणि आखणी झाली की लगेच सावलीत. सूर्याकडे बघायचं नाही. डबा तापलेला असतो, उचलताना फडकं घ्यायचं. ज्या घरी आखणी जमली नाही त्यांच्यासाठी १७ जुलैच्या सुमारास हाच योग शाळेत पुन्हा येतो, तेव्हा १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास. ढग नसले तर सगळा वर्ग मैदानात न्यायचा, आणि डबे घरूनच आणायला सांगायचे.